गरुडझेप, मुक्काम पोस्ट मंद्रूप

मंद्रूपमध्ये पहाटे फिरायला निघणाऱ्यांचे दोनच प्रकार आहेत. ज्यांची शुगर वाढली आहे ते, आणि ज्यांनी ती अजून तपासलेली नाही ते. हौसेनं फिरणारा तिसरा प्रकार पुण्यात आढळतो म्हणे. आपल्याकडे शेत असलेला माणूस शेतात जातो, शेत नसलेला दुसऱ्याच्या शेतात जातो आणि दोन्ही जमत नसेल तो झोपतो. अशा गावात गळ्यात दुर्बीण अडकवून, मान वर करून निंबर्गीच्या वाटेला लागलेला माणूस कुठल्या खान्यात बसवायचा, हा प्रश्न गावाला पडला तर त्यात गावाचं काही चुकलं नाही.

गावानं उत्तरही आपल्या परीनं काढलं: मोजणीवाला. सुरत-चेन्नई महामार्गाचं भूसंपादन तालुक्यात शिरल्यापासून आणि एमआयडीसीच्या जमिनींचा विषय निघाल्यापासून, डोळ्याला काहीही लावून शिवाराकडे बघणाऱ्या माणसाचा हेतू आमच्या भागात शुद्ध धरला जात नाही.

"कुणीकडनं चाललाय ओ?" एका मालकांनी बांधावरूनच विचारलं.

"असंच, सरळ."

"सरळ म्हणजे आमच्या हिरीवरनंच की!"

"मालक, रस्ता नाही. मी पक्षी बघतोय."

"बघा की. कोण नको म्हणतंय? हीर तेवढी सोडवा म्हंजे झालं."

मी बघत होतो ती विजेच्या तारेवर बसलेली कापशी. कापशी म्हणजे घारीच्या भावकीतली, पण वजनाला पाव किलोच्या आसपास. पोट पांढरंस्वच्छ, पाठ राखाडी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. तारेवर बसली की शेपूट टुकटुक वर-खाली करत राहते. खाली ज्वारी पोटऱ्यात आलेली. तेवढ्यात ती उठली, ज्वारीवर जाऊन पंख फडफडवत हवेत एकाच जागी उभी राहिली. पाय खाली लोंबकळत सोडलेले. चार हात खाली आली, पुन्हा थांबली. अजून थोडी खाली. मग पंख वर उचलून धरले आणि सरळ ज्वारीत गडप झाली. दुर्बीण धरलेल्या माणसाचा श्वास अशा वेळी आपोआप अडकतो. दोन क्षणांनी ती वर आली. पायात काही नाही. परत त्याच तारेवर, त्याच जागी. टुकटुक.

"हुकलं की ओ," शेजारून आप्पा म्हणाले. आप्पा शुगर तपासलेल्यांपैकी. मी थांबलो की त्यांनाही थांबायला मिळतं, म्हणून त्यांना पक्षिनिरीक्षण मनापासून आवडतं.

"हुकलं."

"मग आता?"

"आता परत."

"असं किती येळा?"

"उंदीर मिळेपर्यंत."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजे आमच्या नातवाची पोलीस भरतीच म्हणा की ही."

भरतीचा विषय निघाला आणि आम्ही दोघांनीही नकळत रस्त्याकडेच्या फलकाकडे पाहिलं. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या कुणाचा तरी तो फलक. एका कोपऱ्यात पळणारी पोरं, दुसऱ्या कोपऱ्यात मार्गदर्शकांचे काळे चष्मे आणि मधोमध पंख पसरलेला, पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा गरुड. खाली लिहिलेलं: घ्या गरुडझेप.

हा गरुड तुम्हीही पाहिला असेल. पतसंस्थेच्या कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, ट्रकच्या मागे, जिमच्या काचेवर. सोलापूर जिल्ह्यात तो जितका दिसतो तितका मोरही दिसत नाही. अडचण एवढीच आहे की हा पक्षी अमेरिकेतला. त्याची वस्ती उत्तर अमेरिका खंडात. भारतात तो कधीच येत नाही. खुद्द अमेरिकेनं त्याला कायद्यानं राष्ट्रीय पक्षी केलं ते २०२४ च्या डिसेंबरात. आमच्या फलकांनी त्याला त्याच्या कितीतरी आधी गावपातळीवर बिनविरोध निवडून दिलं होतं. व्हिडिओत तो जी काळीज चिरणारी आरोळी ठोकतो तीही त्याची नव्हे. त्याचा स्वतःचा आवाज अगदीच किरकिरा, म्हणून सिनेमावाले तांबड्या शेपटीच्या एका दुसऱ्याच शिकारी पक्ष्याचा आवाज त्याच्या तोंडी घालतात. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, मतदारसंघ तिसरीकडे. फ्लेक्सवर बसायला याहून अधिक पात्रता लागत नाही.

फलकावरचा गरुड निदान गप्प असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा बोलतो. आमच्या फिरणाऱ्यांच्या गटावर गुरुजी रोज पहाटे पावणेपाचला एक गरुड पाठवतात. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं सुविचार फळ्यावर लिहिले. फळा गेला, हात तसाच राहिला. त्यांच्या गरुडाचे ठराविक चार गुण आहेत. तो सर्वांच्या आधी उठतो. कावळा पाठीवर येऊन टोचायला लागला तर त्याच्याशी भांडत नाही, नुसता उंच उंच जातो. शेवटी प्राणवायू कमी पडून कावळाच गळून पडतो. पाऊस आला की बाकीचे पक्षी आडोसा शोधतात, गरुड मात्र ढगांच्याही वर जातो. आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो डोंगरावर जाऊन आपली म्हातारी चोच खडकावर आपटून तोडतो, नव्या चोचीनं जुनी नखं उपटतो, नव्या नखांनी जुनी पिसं उपटतो आणि पाच महिन्यांच्या या कारभारानंतर आणखी तीस वर्षं जगतो.

मला गुरुजींबद्दल आदर आहे. पण मंद्रूपच्या शिवारात आमच्यासमोर जे पक्षी रोज हजर असतात, त्यांच्यापर्यंत हे संदेश पोचलेले दिसत नाहीत.

उठण्याचंच घ्या. आमच्याकडे सापमार गरुड दिसतो. हा फलकावरचा नव्हे, अस्सल इथला. दीड-दोन किलोचं धूड, घुबडाच्या अंगानं जाणारं मोठं डोकं, पिवळे डोळे. एवढं वजन नुसत्या पंखांच्या बळावर वर न्यायचं म्हणजे दमछाक. म्हणून तो जमीन तापायची वाट बघतो. तापलेल्या काळ्या रानावरून गरम हवेचे झोत वर चढायला लागले की त्यात पंख पसरून नुसतं बसायचं, हवाच वर नेते. थंडीच्या दिवसांत हे झोत नीट तयार व्हायला साडेआठ-नऊ वाजतात. तोवर गरुड झाडावर बसून असतो. पहाटे उठून, कानटोपी घालून, सहा किलोमीटर झपाझप चालून सातला घरी पोचणाऱ्या गुरुजींना म्हणूनच आजवर एकही गरुड दिसलेला नाही. गावातल्या आळशी माणसांना मात्र तो दिसतो. नऊला चहा घेऊन अंगणात आलं की तेरा मैलाच्या बाजूला तो आभाळात घिरट्या घालत असतो.

तो साप खातो तेही बघण्यासारखं असतं. एकदा त्याला आम्ही मोठ्या फुरसतीनं पाहिला. चोचीतून वीतभर शेपूट बाहेर लोंबत होती, बाकीचा साप पोटात पोचलेला. गरुड साप डोक्याकडून गिळतो. उरलेली शेपूट आत ओढण्याची त्याला मुळीच घाई नव्हती. आप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "निदान पुसून तरी घ्यावं माणसानं."

आता कावळ्याचं. आमच्याकडे हे काम कावळ्यापर्यंत जातच नाही, कोतवालच उरकतो. कोतवाल म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. घार त्याच्या दहा-पंधरा पट. पण घार कोतवालाच्या घरट्याच्या झाडावरून नुसती गेली तरी हा पन्नास ग्रॅम ऐवज बाणासारखा सुटतो आणि तिच्या पाठीत चोची मारतो. घार यावर काय करते? उंच जाते का? प्राणवायूचा हिशेब करते का? घार पळते. वाकडी होते, गिरकी घेते, चिरक्या आवाजात तक्रार करते आणि हद्द ओलांडून पलीकडच्या वाडीत जाते. कोतवाल परत येऊन तारेवर बसतो आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पंचनामा सांगतो.

अमेरिकेत तरी वेगळं काय? बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये आपल्या लेकीला लिहिलेल्या एका पत्रात त्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाविषयी तक्रारच केली आहे. हा स्वतः कष्ट करत नाही, दुसऱ्या पक्ष्यानं पकडलेला मासा हिसकावून घेतो, आणि चिमणीएवढा एक पक्षी अंगावर आला तर मुलूख सोडून पळतो, अशी त्यांची हरकत होती. अडीचशे वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे, पण फ्रँकलिन गटावर नव्हते, त्यामुळे ते पुढे गेलं नाही.

शिक्र्याची गत याहून वाईट. शिक्रा हा लपून मारणारा. दाट लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडात दबा धरून बसायचं आणि बेसावध सरड्यावर, चिमणीवर अचानक पडायचं, हा त्याचा धंदा. धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे गुप्तता. आणि आमच्या शिवारात सातभाई आहेत. सातभाईंच्या टोळक्यातल्या एकाला जरी शिक्रा दिसला तरी तो ही बातमी मनात ठेवत नाही. तो ओरडतो, मग दुसरा ओरडतो, मग सगळे त्या झाडाभोवती जमून असा कालवा करतात की खारी, होले, बुलबुल, शेळ्या राखणारं पोरगं आणि आम्ही, सगळ्यांना कळतं की शिक्रा कितव्या फांदीवर आहे. मग त्या फांदीवर बसून राहण्यात अर्थ उरत नाही. शिक्रा थोडा वेळ आपण त्या गावचेच नाही असा चेहरा ठेवतो आणि मग गुपचूप उठून जातो. कुणाचीही पर्वा न करणारा शिकारी असा फक्त फलकावर असतो. प्रत्यक्षात शेजाऱ्यांनी नाव घ्यायला सुरुवात केली की शिकाऱ्याचं दुकान बंद.

पावसाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मुळात तो कमीच. जेव्हा येतो तेव्हा घार विजेच्या खांबावर पंख मिटून, मान आत ओढून, ठिबकत बसलेली असते. ढगांच्या वर जाण्याची तिची काही हालचाल दिसत नाही. खांबावर बसण्यातला खरा माहीर मात्र तिसा. करड्या अंगाचा, पांढरट डोळ्यांचा हा पक्षी एकदा बसला की बसला. आम्ही जाताना तो खांबावर असतो, येतानाही तिथंच. मधल्या काळात त्यानं एखादा नाकतोडा उचलला असेल तर तेवढीच त्याची झेप. कंदलगावच्या बाजूला एका कुंपणाच्या खांबावर तो इतका नेमानं बसतो की शेतमालकानं खांब बदलताना त्याचीच जागा आधी विचारात घेतली असावी.

राहिलं चाळिसावं वर्ष. चोच म्हणजे नख नव्हे. आत हाड असतं, वर नखाच्या जातीचं आवरण. आवरण झिजतं आणि वाढतं, पण हाडापर्यंत मोडली तर चोच परत येत नाही. पक्षी उपाशी मरतो. पाच महिने उपाशी राहून नवा जन्म घेणारा शिकारी पक्षी निसर्गात नाही. जुनी पिसं टाकायला त्याला डोंगरावर जावं लागत नाही. ती दरवर्षी थोडी थोडी गळतात आणि नवी येतात. आणि सगळ्यात मोठी पंचाईत वयाची. त्या अमेरिकन गरुडांपैकी रानात सर्वांत जास्त जगलेला, पायात नोंदीचं कडं असलेला पक्षी २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीखाली सापडून मेला. वय, अडतीस. म्हणजे चोच आपटण्याचा निर्णय घ्यायला अजून दोन वर्षं होती.

हे सगळं मी गुरुजींना शांतपणे सांगितलं. गुरुजींनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण त्यात बोध काय?"

इथे माझी बोलती बंद झाली, कारण गुरुजींच्या पाठीशी इतिहास आहे. मंद्रूपहून पुढे भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. त्याच्या अखेरीच्या ओळीचा आशय असा की, जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी माणसाला मराठी अक्षरं सापडली आणि त्यानं पहिल्या काही कामांत एक हे उरकलं: वाचणाऱ्याला शुभेच्छा देणारा संदेश, तोही दगडावर, म्हणजे डिलीट करायची सोय नाही. आमचा तालुकाच असा आहे. गुरुजी परंपरा चालवताहेत.

बोध हवाच असेल तर शिकारी पक्ष्यांच्या घरात तो आहे, पण तो फलकावर छापण्याजोगा नाही. या कुळात मादी मोठी आणि नर लहान. कापशीची वीण आमच्याच बाभळीवर असते. मादी घरट्यावर बसते, नर दिवसभर उंदीर धरून आणतो आणि तिच्या हवाली करतो. पिल्लांना किती, तिला किती, हे ती ठरवते. नर लगेच पुढच्या उंदराच्या मागे. हे मी आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणाले, "मग ह्यात नवीन काय?"

या सगळ्यांना मराठीत नावं आहेत, हे आप्पांना सुरुवातीला पटत नव्हतं. आमच्याकडे वर उडतं ती घार, आणि घरात कन्नड असेल तर हद्दू. एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या भागलं. नावांची ही शिदोरी मिळाली ती मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'मुळे. चितमपल्ली मूळ आमच्या सोलापूरचेच. जन्म १९३२ चा. आयुष्याचा मोठा भाग विदर्भाच्या जंगलांत काढून शेवटी सोलापूरला परतले, २०२५ मध्ये पद्मश्री झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. त्यांच्यामुळे आज आप्पा निंबर्गीच्या रस्त्यावर "ती खरुची का ओ?" असं विचारू शकतात. खरुचीलाही हवेत उभं राहता येतं. वारा तिचं अंग हलवतो, पंख हलतात, शेपूट हलते, डोकं मात्र हवेत खिळ्यानं ठोकल्यागत एका जागी.

एक नाव मात्र आप्पांना कुणी शिकवावं लागलं नाही. गिधाड. त्यांच्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून टाकलं की तासाभरात तीसचाळीस गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत हाडं उरायची. नगरपालिका नाही, ठेका नाही, बिल नाही. मग १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. गुराढोरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचायला लागले होते. असं जनावर मेल्यावर ते खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी देशात पंधरा वर्षांत शंभरातलं एकसुद्धा उरलं नाही. कारण सापडलं २००३ च्या सुमारास, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर आमच्याकडचं आभाळ साफ झालं होतं. आप्पांच्या शर्टाच्या खिशात गुडघ्यासाठी हीच गोळी असते. हे कळल्या दिवशी त्यांनी ती काढून दोन्ही बाजूंनी बघितली, काही न बोलता परत खिशात ठेवली आणि त्या दिवशी जरा जास्त चालले.

गिधाडं गेली तरी हिवाळ्यात पाहुणे अजून येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावर आणि ज्वारीवर भोवत्या दिसायला लागतो. लांब अरुंद पंख, ते किंचित वर धरलेले, आणि पिकाच्या शेंड्यांवरून हातभर उंचीनं सावकाश तरंगत जाणारी नजर. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरी. दोघे इतके वेगळे की युरोपात फार काळ भोवत्यांचे नर एक जात आणि माद्या दुसरी जात, असाच समज होता. तो मोडणाऱ्यांत इंग्लंडचे जॉर्ज माँटेग्यू होते. एका भोवत्याला त्यांचंच नाव आहे. हा गृहस्थ गंजका खिळा पायात घुसून धनुर्वातानं १८१५ मध्ये वारला. माळावर फिरताना आम्ही बूट घालतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण सराटे.

भोवत्या रात्री झाडावर बसत नाही. माळावरच्या गवतात, जमिनीवर, पाच-पन्नास मिळून झोपतो. त्याला लागतं ते मोकळं गवत, आणि कागदोपत्री गवत नावाची चीज आमच्याकडे नाही. सातबाऱ्यावर तिला पोटखराबा म्हणतात. पोटखराब्यात ऊस लावता येतो का, सोलर बसवता येतं का, प्लॉट पाडता येतात का, एवढीच चौकशी होते. तिथं कुणी झोपायला येतं, तेही परदेशातून, अशी नोंद करायला तलाठ्याकडे रकाना नाही. जिल्ह्यात गवताला एकदा मोठा मान मिळाला होता. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेही साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात तालुकेच्या तालुके आले, माणसं आली, बाजारपेठा आल्या. पुढे ते आकसत गेलं आणि माळढोक त्याहून आकसला. भोवत्याच्या नावानं काहीच राखीव नाही, म्हणून त्यातलं काही कमीही झालेलं नाही. तो पोटखराब्यात भागवतो.

येळवस अमावस्येला आम्ही सगळे आप्पांच्या शेतात होतो. कडब्याची खोप, पाच पांडव मांडलेले, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. जेवण अंगावर आलं होतं आणि समोरच्या ज्वारीवरून एक राखाडी नर अगदी बेतानं निघून गेला.

"हा कुठला म्हणाला?" आप्पांनी विचारलं.

"कझाकस्तान. तिकडच्या गवताळ रानात अंडी घालतात, थंडीला इकडे येतात. तीन हजार किलोमीटरच्या वर."

"आणि इथं येऊन खातो काय?"

"टोळ, नाकतोडे. उंदीर, लहान पाखरं."

"टोळ खायला कझाकस्तानातनं मंद्रूपला?"

"हुरडा खायला पुण्याहून गाड्या भरून येतातच की," गुरुजी म्हणाले.

आप्पा भोवत्याच्या दिशेनं बघत राहिले. त्यांचा थोरला हिंजवडीला आहे. मंद्रूप तिथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता चारपदरी. त्याला यंदा सुट्टी नव्हती. आप्पांनी आंबिलीचा गडू उचलला आणि म्हणाले, "त्येला पंख हायत. आमच्याला नुसतं लॅपटॉप."

गुरुजी मात्र त्या दिवशी गप्प गप्प होते. घरी जाताना त्यांनी मला दोनदा विचारलं, कझाकस्तान लिहायचं कसं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला गटावर गरुड आला नाही. भोवत्या आला. गुरुजींनी स्वतः लिहिला होता, आणि मी सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यात बरोबर होतं. शेवटी फक्त एक ओळ जास्तीची: दूर गेलात तरी वर्षातून एकदा आपल्या मातीत या. मला बरं वाटलं. हा संदेश आप्पांनी हिंजवडीला पाठवला. तिथून तो कुठं गेला हे कुणालाच सांगता येणार नाही.

मार्च संपता संपता भोवते गेले. ऊन वाढलं, दुर्बीण कपाटात गेली. एप्रिलच्या एका सकाळी माझ्या बायकोच्या फोनवर तिच्या माहेरच्या गटातून एक संदेश आला, वर दोन बाण, म्हणजे अनेक वेळा पुढे पाठवलेला. चित्र अर्थातच पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं. तिनं तो मला चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवला. भोवत्या नावाचा दुर्मिळ गरुड वयाच्या चाळिसाव्या वर्षी कझाकस्तानच्या बर्फात आपली चोच तोडतो. मग न थांबता, न खाता-पिता तीन लाख किलोमीटर उडत सोलापूर जिल्ह्यातल्या एका पवित्र माळावर येतो. तिथे तो फक्त हुरडा खातो. हुरड्यानं त्याची चोच परत येते आणि शुगर कायमची जाते. शास्त्रज्ञही थक्क. ही माहिती एका थोर पक्षितज्ज्ञानं आयुष्यभर पहाटे उठून गोळा केली आहे. वाचणारा विजयी होईल, दहा जणांना पाठवणारा लवकर होईल.

बायकोनं फोन बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बघा," ती म्हणाली. "लोक पहाटे उठून कुठल्या कुठं पोचले. तुम्ही मेलं त्या तारेवरच्या कापशीच्या पुढं गेला नाहीत."